तिला काय आवडायचं?

सल्ला विचारणारं हे पत्र आठ पानांचं आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळून आधी त्याचा गोषवारा देते, मग माझं उत्तर.

नाशिकला पंचवटीत राहणारे हे गृहस्थ 69 वर्षांचे आहेत. गेल्या मार्गशीर्षात त्यांची पत्नी चार महिन्यांच्या आजारपणानंतर गेली. 41 वर्षांचा संसार होता. मुलगी नाशिकलाच असते, तिच्याहून सहा वर्षांनी लहान मुलगा पुण्याला. दोन महिन्यांवर वर्षश्राद्ध आलंय आणि त्यानिमित्त मुलाला स्मरणिका काढायची आहे, पाचशे प्रती. त्याने मजकूरही लिहून पाठवला: ‘त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू, स्वतःसाठी कधी काहीही मागितले नाही.’ मुलीने तो वाचला आणि म्हणाली, “ही माझी आई नाही. यात माझं नाव घालू नका.” 2003 साली तिला बारावीनंतर पुण्याला शिकायला पाठवायला वडिलांचा विरोध होता. आईने दोन महिने अबोला धरला, तेव्हा कुठे ती गेली. कॉलेजची फी वडिलांनी भरली. हॉस्टेलचे पैसे आई साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. “किती आणि कसे, मी कधी विचारलं नाही,” असं ते लिहितात.

मग मुलाने फोनवर विचारलं, वर्षश्राद्धाला आईच्या आवडीचं काय करायचं? “मी गप्प झालो. मला शेपू आवडतो, मुलाला श्रीखंड, मुलीला अळूवडी, हे सगळं तिला पाठ. तिला काय आवडायचं ते मला आठवेना.”

तिच्या कपाटात साड्यांखाली हिशोबाच्या नऊ वह्या सापडल्या. त्यांनी एक मधूनच उघडली. ‘दूध 2 लि. फॉल 3, पिको 5. रॉकेल.’ आणि खाली त्याच अक्षरात, ‘आज फार राग आला.’ त्यांनी वही मिटली ती मिटलीच. वाचू की नको, हा त्यांचा एक प्रश्न. दुसरा प्रश्न नावाचा. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने त्यांनी तिचं नवं नाव लिहिलं, पण माहेरचे शेवटपर्यंत जुन्याच नावाने हाक मारत. मग मुखपृष्ठावर कोणतं नाव घालायचं? शेवटच्या पानावर घाईघाईत लिहिलेल्या काही ओळी आहेत. तिचा मोबाईल ते दर महिन्याला रिचार्ज करतात. रात्री बहुधा चहा-बिस्किटावर भागवतात. रामकुंडात अस्थी सोडल्या त्या दिवसापासून ते गंगेवर (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) गेलेले नाहीत. ती दर बुधवारी तिकडे बाजाराला जायची.

---

दादा, नमस्कार.

पत्राची सुरुवात तुम्ही स्मरणिकेने केलीत, पण तुमचं अक्षर हललंय ते ‘मला आठवेना’ या ओळीवर. मीही तिथूनच सुरू करते.

आठवेना, असं तुम्ही लिहिलंत. मला वाटतं, ते तुम्हाला कधी माहीतच नव्हतं. हे वाचून लागेल तुम्हाला, पण मी मुद्दाम लिहितेय, कारण या दोन गोष्टींत फरक आहे. विसरलेलं परत आणायचं तर तुमचं एकट्याचं डोकंच खणावं लागतं, आणि ते तुम्ही दहा महिने रात्र-रात्र खणताय. जे माहीत नव्हतं, ते मात्र दुसऱ्याकडून कळू शकतं. ते ज्यांना माहीत आहे अशी माणसं अजून आहेत. तिची थोरली बहीण आहे, भाऊ आहे, भिशीतल्या बायका आहेत. तिची ओळख करून घ्यायचं काम अर्धं राहिलंय आणि ते पुढे नेता येतं.

म्हणून पहिलं काम स्मरणिकेचं नाही. पहिलं काम, तिच्या माहेरी जा. निफाड तालुक्यातलं, गोदावरीकाठचं गाव आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तासाभराचा रस्ता. वर्षश्राद्धाची वाट बघू नका. त्या दिवशी सगळे येतील, पण भटजी, पंगत, गाड्या लावायची गडबड यांत कोणी काही सांगत नसतं. आधी जा, एकटे जा, आणि मुक्कामाला जा.

तिथे गेल्यावर ‘ती लहानपणी कशी होती?’ असं विचारू नका. त्याला उत्तर एकच येतं, ‘फार गुणाची होती हो’, आणि मग सगळे डोळे पुसतात. जाग्यावरचा, दिवसावरचा प्रश्न विचारा. 1969 च्या महापुराचं विचारा. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल, आणि गाव गंगेच्या काठावर. रात्री कुठे झोपलात, बरोबर काय नेलंत, ती काय करत होती? ज्यांना साल सांगता येत नाही त्यांना पूर सांगता येतो. आपल्याकडे काळ मोजायची हीच पद्धत आहे. नाशकात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं त्यावरून माणसं वर्ष ओळखतात, नाहीतर सिंहस्थावरून. मुलीच्या शिक्षणाचं भांडण तुम्हीही ‘2003 च्या सिंहस्थात’ असंच लिहिलंय. 2008 चा पूर, 2015 चा सिंहस्थ, 2016 चा पूर, या खुंट्यांवर मुलांच्याही आठवणी टांगता येतील.

आणि मग बहिणीला विचारा, माहेरी असताना ती हट्टाने मागून काय खायची? हट्टाने, हा शब्द वापरा. लग्नाआधी कोणीतरी तिच्यासाठी काहीतरी मुद्दाम करत असेल. ते हुरडा असेल, कैरी असेल, शिळ्या भाकरीचा कुस्करा असेल. मला ठाऊक नाही, पण बहिणीला असणार. बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा. आधी परवानगी घ्या, पंखा बंद करा, फोन मांडीवर न धरता दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवा, आणि सुरुवातीला तारीख आणि कोण बोलतंय ते मोठ्याने सांगा. दहा वर्षांनी नातवंडं ऐकतील तेव्हा आवाज कोणाचा हे सांगायला तुम्ही-मी असूच असं नाही.

आता मुलाच्या मजकुराकडे येते. ‘स्वतःसाठी कधी काहीही मागितले नाही.’ हे वाक्य मी शेकडो वेळा वाचलंय. श्रद्धांजलीच्या छोट्या जाहिरातींत वाचलंय, आणि माझ्या आईच्या वेळी मी स्वतः लिहिलंय. लिहिताना मला ते खरं वाटलं होतं, तुमच्या मुलालाही वाटलं असणार. पण दादा, कधी मागितलंच नाही, की मागून बघितलं आणि मग सोडून दिलं? दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. दोन महिने अबोला धरणारी बाई काही न मागणारी नव्हती. तिने एक फार मोठी गोष्ट मागितली, चिकाटीने मागितली आणि मिळवली. ती मुलीसाठी मागितली म्हणून आपण तिला त्याग म्हणून मोकळे होतो. मुलीने शिकावं ही तिची स्वतःची इच्छा होती. तीही इच्छाच धरा की.

मुलाला मात्र खोडून काढू नका. भावंडांना एकच आई मिळते असं आपण धरून चालतो, तसं होत नाही. तुमची मुलगी झाली तेव्हा ती चोविशीची होती, घरात सासूबाई, दोन दीर, आणि हातात पैसा नाही. मुलगा झाला तोवर पिकोचं मशीन घरात आलं होतं, असं तुमच्याच पत्रात आहे. त्याला मिळालेली आई निवांत होती, कमावती होती, तिच्याकडे त्याला खाऊला द्यायला चार पैसे होते. बहिणीच्या वेळचा अबोला झाला तेव्हा तो बारा वर्षांचा, त्याच्या वाट्याला त्यातलं काय आलं असेल? तेव्हा दोघंही खरं बोलताहेत. दोघांचं मिळून एक सरासरीचं पान करायला जाल तर ते कोणाचंच राहणार नाही. ज्याने त्याने आपलं पान लिहावं, खाली आपलं नाव घालावं, दुसऱ्याच्या पानात कोणी शब्दही बदलू नये. सुनेनेही लिहावं, जावयांनीही. बहिणीला लिहिता येत नसेल तर रेकॉर्ड केलेलं जसंच्या तसं उतरवा, तिच्या बोलीतच.

आणि एक पान तुमचं.

ते कसं लिहायचं, असं तुम्ही विचारलंत. ‘काहीही लिहिलं तरी आरतीसारखं होतं,’ ही तुमची तक्रार. मग आरती ज्यात बसणार नाही अशा गोष्टीपासून सुरू करा. सुई ओवताना ती चष्मा कपाळावर सरकवायची, हे तुम्ही मला जाता जाता लिहिलंय, आणि अख्ख्या पत्रात मला ती दिसली ती तेवढ्या एका जागी. दारात मोटरसायकल लागली की पायाखालचं मशीन थांबायचं आणि तुम्ही जिना चढेपर्यंत चहाचं आधण गॅसवर असायचं, हेही तुमचंच. हे लिहा. त्याला विशेषण लावू नका. आणि मग 2003 सालचं भांडण लिहा. तुमच्याच शब्दांत, दोन ओळींत: मुलीला पुण्याला पाठवायला मी नको म्हणत होतो, ती हो म्हणत होती, ती बरोबर होती.

हे छापायला जड जात असेल तर छापू नका. पण मुलीला सांगा. समोर बसवून सांगा, फोनवर नको. तिचं म्हणणं स्मरणिकेपुरतं नाहीये. तिची आई तिच्यासाठी लढली, आणि आता घरातला कागद म्हणतोय की आईने कधी काही मागितलंच नाही, म्हणजे ती लढाई झालीच नाही. तुम्ही लिहिलंत, ‘माफी मागायची राहून गेली.’ बायकोची राहिली खरी, तिला मी काय उपाय सांगणार? पण त्या भांडणात दोघी होत्या, आणि त्यांतली एक इथेच नाशकात, तुमच्यापासून रिक्षाने वीस मिनिटांवर राहते.

आता वह्या.

तुमच्यासारखी पत्रं मला बरीच येतात. कोणाला डायरी सापडते, कोणाला जुनी पत्रं, हल्ली फोनचा पासवर्ड. वाचावं की वाचू नये, याचं एकच उत्तर सगळ्यांना देता येत नाही. माणूस गेला म्हणून त्याचं खासगीपण लगेच संपतं असं मी मानत नाही. कोणी ‘हे जाळा’ म्हणून सांगून गेलं असेल तर जाळावं, उत्सुकता गिळावी. पण तुमच्या पत्नीने तसं सांगितलं नाही. चार महिने ती अंथरुणावर होती, शुद्धीवर होती, कपाटातलं कोणाला काय द्यायचं ते तिने सुनेला नीट सांगितलं. वह्या तिथेच होत्या आणि त्यांच्याबद्दल ती काही बोलली नाही. याचा अर्थ ‘वाचा’ असा होतोच असं नाही, पण ‘वाचू नका’ असाही होत नाही. तिने ते तुमच्यावर सोडलं असं मी समजते.

माझं मत विचाराल तर वाचा. पण राग शोधायला वाचू नका, हिशोब वाचा. त्या हिशोबाच्या वह्या आहेत, आणि तिची कमाई किती होती हे तुम्हाला अजून माहीत नाही. 2003 नंतरची वही काढा. हॉस्टेलचे पैसे त्यात असणार. किती फॉल, किती पिको, कुठल्या महिन्यात कमी पडले, कोणाकडून उसने घेतले, कधी फेडले. एका फॉलला एक बाजू मशीनवर आणि दुसरी हातशिलाई, असं धरलं तरी एका साडीमागे अडीच मीटरच्या आसपास हाताची शिलाई येते. एका महिन्याच्या साड्या मोजा आणि गुणून बघा. हे तुम्हाला कदाचित राग वाचण्यापेक्षाही जड जाईल. पण ही तुमच्या घरातली चार वर्षं आहेत, आणि ती ज्यांनी बघितली त्यांत तुम्ही नव्हता.

वाचताना एकटे बसू नका. मुलीला घेऊन बसा, रोज एक-दोन पानं, त्याहून जास्त नको. ‘आज फार राग आला’ हे तुमच्यावर असेल, सासूवर असेल, दुधवाल्यावर असेल. तुम्ही दहा महिने धरून बसलाय की तो तुमच्यावरच. मला त्या ओळीत दुसरंच दिसलं. दूध, फॉल, पिको, रॉकेल आणि राग, सगळं एका रांगेत. त्या दिवशी जे जे झालं ते तिने टिपून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुधाने सुरुवात केली असणार. पुढचं पान उघडून खात्री करा. एका ओळीवर वही मिटलीत, म्हणून तो राग तुमच्यापुरता दहा महिने चालू राहिलाय.

वह्यांतलं काहीही स्मरणिकेत छापू नका. आणि बाहेरच्या कुणाचं गुपित त्यात निघालं, कोणी पैसे बुडवले, कोणाचा संसार कसा, तर ते पान तिथेच राहू द्या. जाळावंसं वाटलं तर निदान वर्षभर थांबा. वर्षाने तसंच वाटलं तर मुलीशी बोलून ठरवा.

नावाचं तुम्ही फार जपून विचारलंत, जणू मी रागावेन. मी कशाला रागावू? त्या काळी घरोघर तेच होतं. आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरला 1868 साली जन्मलेली मनकर्णिका गोखले महाराष्ट्राला लक्ष्मीबाई टिळक म्हणूनच माहीत आहे. सासरचं नाव काही खोटं नसतं. 41 वर्षं ती त्या नावाला ओ देत होती, रेशनकार्डावर तेच, मुलांच्या दाखल्यावर तेच. पण त्या नावाआधीची बावीस वर्षंही तिचीच. मुखपृष्ठावर दोन्ही घाला, माहेरचं आधी. आणि ठरवण्यापूर्वी एक करा. स्वयंपाकघरातली भांडी उतरवून बघा.

हे गंमत म्हणून सांगत नाहीये. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात, ठिपक्या-ठिपक्यांची, तारखेसकट. माझी आई गेल्यावर मी आणि माझी बहीण मांडणीतली भांडी वाटायला बसलो. एका पितळी तांब्यावर अक्षरं होती, चिंचेने घासून घासून पार पुसट झालेली. उजेडात तिरका धरला तेव्हा आईचं माहेरचं नाव वाचता आलं, तिच्या आईने घातलेलं. आम्ही दोघी त्या तांब्याने चाळीस वर्षं पाणी प्यायलो होतो आणि ते कधी वाचलं नव्हतं. मग आम्ही बाकीची भांडी वाचायला घेतली. परात कोणाकडून, डबा कोणाच्या डोहाळजेवणाचा, कोणत्या शेजारणीने वास्तुशांतीला पातेलं दिलं. संध्याकाळपर्यंत आईच्या ओळखीच्या एकोणीस बायकांची नावं आमच्याकडे होती. त्यांतल्या सहा हयात निघाल्या. आई मला जी काही कळली आहे, ती बरीचशी त्या सहाजणींकडून.

तुमच्याकडेही अशी भांडी असतील. नावं वहीत उतरवा, आणि ज्या आहेत त्यांच्याकडे जा. तिने स्वतःच्या कमाईतून घेतलेली भांडीही असतील. त्यांवर तिने भांडी बाजारातल्या त्या माणसाला कोणतं नाव घालायला सांगितलं होतं, ते बघा.

स्मरणिकेच्या पाचशे प्रती कशाला? पन्नास पुरेत, ज्यांनी तिला खरोखर बघितलं त्यांच्यापुरत्या. उरलेल्या पैशांचं मुलगा ‘काहीतरी विधायक’ म्हणतोय. वाचनाची आवड असलेल्या माणसाच्या नावाने आपल्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाला देणगी देता येते. 2009 पासून पुस्तकांच्या पेट्या त्यातून घरोघरी फिरताहेत आणि अनेकांनी आपल्या माणसाच्या आठवणीत पेट्या दिल्या आहेत. पण तुमच्या पत्रात ती कुठेही वाचताना दिसत नाही, शिवतानाच दिसते. मग तिच्या कामाजवळचंच करा. तिचं पिकोचं मशीन झाकून ठेवलंय तुम्ही. मशीन तेलपाण्याशिवाय, चालवल्याशिवाय पडून राहिलं की जाम होतं. वाड्यातली, गल्लीतली एखादी शिकू पाहणारी मुलगी शोधा. मशीन देऊन टाकू नका लगेच, तिने तुमच्याकडे येऊन चालवावं. घरात तो आवाज पुन्हा ऐकणं तुम्हाला सोसेल का, हे आधी आठवडाभर बघा. नाही सोसलं तर बंद करा, त्यात काही वाईट नाही.

काही गोष्टी झटपट सांगते, कारण तुमच्यासारख्या इतरांनाही लागतील.

मोबाईल. रिचार्ज करताय ते करत राहा, कोणी हसलं तरी. पण नुसतं कार्ड चालू ठेवून भागत नाही. नंबर 90 दिवस वापरातच आला नाही तर कंपनी तो बंद करून पुढे दुसऱ्याला देऊ शकते, तेव्हा अधूनमधून त्यावरून एखादा फोन लावा. व्हॉट्सॲप साधारण 120 दिवस उघडलं गेलं नाही तर ते खातं पुसलं जातं. तिच्या आवाजातले निरोप तुमच्या आणि मुलांच्या फोनवर असतील, ‘येताना कोथिंबीर आणा’ एवढेच का असेनात. मुलाला सांगून ते सगळं एक्सपोर्ट करून घ्या आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक पेनड्राइव्ह तुमच्याकडे, एक मुलीकडे. फोन कधी पडेल, कधी बिघडेल, सांगता येत नाही.

साड्या. येवल्याची पैठणी सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि चार-सहा महिन्यांनी घडी मोडून वेगळी घडी घाला, नाहीतर जर घडीवरच तुटते. डांबरगोळ्या तिला लागू देऊ नका. सगळेजण गोधडी शिवा म्हणतील. शिवा, पण वापरून मऊ झालेल्या सुती साड्यांची, आणि वर्ष सरल्यावर.

दागिन्यांबद्दल एकच ओळ लिहिलीत, पण तीच ओळ पुढे घरं फोडते. मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिच्या मालमत्तेत तुम्ही, मुलगा आणि मुलगी तिघंही समान वाटेकरी आहात. कायद्याने सुनेचा हिस्सा नाही, पण तिने सुनेला तोंडी जे सांगितलंय ते तुम्ही तिघांनी मिळून मान द्यावं असं आहे. लवकर करा आणि चौघं समोर बसून करा.

चहा-बिस्किट. दादा, हे चालणार नाही. तुमची साखर वाढलेली आहे, तुम्हीच लिहिलंय. डॉक्टरांकडे जा. आणि रात्र फारच अंगावर येते तेव्हा 14416 या नंबरवर फोन लावा. ती सरकारी टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीतून बोलता येतं. ‘मला काही वेड लागलेलं नाही’ असं मनात येईल. तसं कोणी म्हणतही नाही. रात्री अडीच वाजता ऐकायला कुणीतरी आहे, एवढं लक्षात असू द्या. आणि स्वयंपाकाला हात लावा. तिची डाळ-तांदळाची वाटी कुठली होती ते बघा, तीच माप म्हणून ठेवा, आणि मुलीकडून तिची एक भाजी शिका. शेपू नको. ती तुमची आवड झाली.

लोक म्हणतात, ‘अहेव गेली, सोनं झालं तिचं.’ तुम्हाला ते ऐकवत नाही, पण बोलावं कसं कळत नाही. माझ्याही घशाखाली ते कधी उतरलं नाही. म्हणणाऱ्यांना धीर द्यायचा असतो, दुसरे शब्द त्यांना ठाऊक नसतात, म्हणून त्यांच्यावर चिडू नका. ‘सोनं राहू द्या, ती हवी होती’ एवढं म्हटलंत तरी कोणी दुखावणार नाही. पुढे दर भाद्रपदात वद्य नवमीला अविधवा नवमी येईल. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची ती तिथी, सवाष्ण जेवू घालतात, ओटी भरतात. कराच. पण तिची भिशीतली जी जिवाभावाची मैत्रीण, तिचे यजमान गेलेत असं तुम्ही लिहिलंय. आजारपणात रोज संध्याकाळी तीच येऊन पाय चेपायची ना? मग त्या दिवशी तिला पानावर बसवा. पहिल्या पानावर. नातेवाईक काही म्हणतील. म्हणू देत. ती तिथी तुमच्या बायकोची आहे, आणि तिला कोण हवं असेल हे या एका बाबतीत तरी तुम्हाला नक्की माहीत आहे.

आता गंगा. रामकुंडाकडे पाऊल उचलत नाही हे मी समजू शकते. लांबून आलेले लोक अस्थी सोडून आपापल्या गावी निघून जातात, तुम्हाला तिथून रोज जायचंय. रामकुंडाकडे इतक्यात जाऊच नका, घाई काही नाही. पण बुधवारचा बाजार घाटावर जिकडे भरतो तिकडून जाता येईल. मुलीला बरोबर घ्या किंवा एकटे जा. दाराच्या खुंटीला तिची कापडी पिशवी अजून आहे असं लिहिलंत, ती घ्या. ती कोणाकडून भाजी घ्यायची ते तुम्हाला माहीत नसेल, पण पिशवी ओळखणारी एखादी बाई तिथे बसलेली असेल. जिच्या साडीला तुमच्या पत्नीने फॉल लावून दिलाय, अशीही ती असेल. ती विचारेल, ‘ताई बऱ्या नाहीत का? किती दिवसांत आल्या नाहीत.’

तिला अजून कोणी सांगितलेलं नाही, दादा. ते तुम्हालाच सांगावं लागेल. सांगा, तिथेच दोन मिनिटं बसा, आणि मग विचारा की घरच्यांसाठी सगळं घेऊन झाल्यावर ताई स्वतःसाठी काय घ्यायच्या. पहिल्या बुधवारी नसेल आठवत तिला. पुढच्या बुधवारी पुन्हा जा.